साहेबांची पाठ

घरात थोरला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, चुलत-मावस म्हणावं असंही कोणी जवळपास नव्हतं, तरी त्यांना सगळे धाकटे म्हणत. त्यांच्या वडिलांना सगळं गाव 'साहेब' म्हणे, आणि साहेबांच्या घरात जो जन्माला येईल तो धाकटाच असणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, वाचायला चष्मा लागला, तरी धाकटे ते धाकटेच राहिले.

साहेब नट होते. नुसते नट नव्हेत, ज्यांचा फोटो न्हाव्याच्या दुकानापासून दाताच्या दवाखान्यापर्यंत लावलेला असतो तसे नट. ते भाजी घ्यायला थांबले की भाजीवाली आधी पदर सारखा करी आणि मग वजन. घरातल्या बैठकीत त्यांचेच इतके फोटो होते की पाहुण्यांना खऱ्या साहेबांकडे बघायला सवडच होत नसे.

धाकटेही नट होते. वीसेक वर्षं ते सिनेमात काम करत होते आणि त्यांचा चेहरा एकदाही पडद्यावर आला नव्हता. यायची ती त्यांची पाठ.

त्याचं झालं होतं असं. कॉलेज संपलं होतं, नोकरी मिळत नव्हती, म्हणून आई त्यांच्याकडे साहेबांचा डबा देई आणि ते तो स्टुडिओत पोचवत. एके दिवशी डबा घेऊन गेले तर साहेब तापानं फणफणून रंगपटात आडवे झालेले. चित्रपटातलं एकच दृश्य उरलं होतं, तेही पाठमोरं. नायक घर सोडून लांबलचक पॅसेजमधून बाहेरच्या दाराकडे चालत जातो, एवढंच. दुसऱ्या दिवशी सेट मोडायचा होता. तेव्हाच्या दिग्दर्शकानं डबा धरून उभ्या असलेल्या मुलाला मागून एकदा न्याहाळलं. उंची तीच, मान तीच, खांद्यांचा उतारही तोच.

"डबा ठेव," तो म्हणाला, "आणि कोट चढव."

कोट शिवल्यासारखा बसला. बूट मात्र बसेनात, कारण साहेबांचा पाय एक नंबर मोठा होता. दुसरे बूट शोधायला वेळ नव्हता. धाकटे तसेच चालले. बूट निघू नयेत म्हणून पायाची बोटं आवळून, पाय जवळजवळ सरकवत, सावकाश. तोल जाऊ नये म्हणून हात मागे बांधले. डावा बूट जास्तच सैल होता, त्यामुळे डावा खांदा थोडा खाली आला. आणि दाराशी पोचताच तो बूट पायातून निघालाच. धाकटे क्षणभर थांबले, पाय पुन्हा बुटात घातला आणि बाहेर पडले. कॅमेऱ्याला पाय दिसत नव्हते.

चित्रपट लागला आणि लोक वेडे झाले. एका समीक्षकानं लिहिलं, 'दाराशी क्षणभर थबकलेली ती पाठ एका पिढीचं दुःख सांगून जाते.' साहेबांना त्या वर्षीचं मोठं पारितोषिक मिळालं. ते घेताना ते म्हणाले, "नटानं चेहऱ्यावर विसंबू नये." तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकट्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

आईनं मात्र पहिल्याच खेळाला अंधारात साहेबांचा हात दाबला होता. "अहो, ही तर आपल्या..." साहेब इतक्या जोरात खोकले की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात मुलाला म्हणाली, "त्या पाठीला मी सहा वर्षं चोळून आंघोळ घातली आहे. मला फसवता होय?" आणि मग आवाज उतरवून, "पण कुठे बोलू नकोस हो. त्यांना वाईट वाटेल."

धाकटे बोलले नाहीत. बोलण्याची वेळही आली नाही, कारण त्यानंतर साहेबांचं चालत निघून जाणं ही चित्रपटाची गरजच होऊन बसली. लेखक गोष्ट मागून पुढे लिहू लागले, म्हणजे आधी साहेब कुठून जाणार ते ठरायचं आणि मग का जाणार ते. एका चित्रपटात साहेब पहिल्यापासून शेवटपर्यंत अंथरुणाला खिळलेले होते, तर त्यांना स्वप्न पाडून चालवलं. दर वेळी पाठ धाकट्यांची आणि बूट साहेबांचे. धाकट्यांनी नीट बसणारे बूट घालून एकदा चालून बघितलं होतं, पण दिग्दर्शक म्हणाला, "आज मजा नाही आली." मग पुन्हा साहेबांचेच.

सेटवर साहेबांसमोर त्यांना धाकटेसाहेब म्हणत. साहेब गाडीत बसले की त्यांचं नाव पाठ.

"पाठ आली का?"

"आली. चहा पितेय."

"पाठीला आधी वाढा रे, तिचं काम लवकर आहे."

साहेबांनी ही गोष्ट कधी कबूल केली नाही आणि कधी नाकारलीही नाही. ते 'आपली' म्हणत. दृश्य बघून झालं की गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "आज आपली पाठ जरा सैल पडली." हे 'आपली' म्हणजे कोणाकोणाची, असं विचारण्याची धाकट्यांची छाती नव्हती.

धाकट्यांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघायची, त्यामुळे चेहरे या विषयात तिला गती होती. लग्नानंतरच्या पहिल्याच चित्रपटाला ती दुकानातल्या मैत्रिणींना घेऊन गेली. मैत्रिणी विचारत होत्या, "अगं, तुझे मिस्टर कुठेयत?" ती म्हणाली, "ते काय, निघाले."

धाकट्यांना एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आपला चेहरा पडद्यावर दिसावा. ते रोज दाढी करताना आरशात रागवत, गहिवरत, चकित होत. बायको टॉवेल द्यायला यायची आणि दारात थांबून म्हणायची, "तुमचा चेहरा वाईट नाही हो. नुसता वापरलेला नाहीये."

आणि मग तो नवा दिग्दर्शक घरी आला. वयानं लहान, दाढी मोठी. साहेबांचा शेवटचा चित्रपट तो करणार होता. (साहेबांचा शेवटचा चित्रपट याआधीही दोनदा झाला होता.) गोष्ट साधी होती. म्हातारा बाप मुलाशी भांडून घर सोडतो.

"मुलाचं काम धाकट्यांनीच करायचं," दिग्दर्शक म्हणाला. "खरा बाप, खरा मुलगा. आणि शेवटचं दृश्य एका दमात घ्यायचं, मध्ये कट नाही. लांब पॅसेज. साहेबांची ती जगप्रसिद्ध पाठ दाराकडे चाललीय. दाराशेजारी तिरका आरसा. त्या आरशात मागे उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा. पाठ आणि चेहरा एकाच वेळी!"

धाकटे भरलेल्या बशीत चहा ओततच राहिले. आई म्हणाली, "ठेव ती खाली." साहेबांनी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे कल्पना त्यांना आधीच सुचली होती.

पहिलं वाचन स्टुडिओतल्या हॉलमध्ये झालं. धाकट्यांनी आपले संवाद इतके पाठ केले होते की इतरांचेही त्यांच्या तोंडातून निघत होते. शेवटचं दृश्य आलं. कोपऱ्यात ब्रश पुसत बसलेले रंगभूषाकार काका, ज्यांनी पहिल्या चित्रपटापासून साहेबांना रंगवलं होतं, त्यांनी सहज विचारलं, "आणि पाठीला कोण?"

"म्हणजे?" दिग्दर्शक म्हणाला.

"नाही, धाकटे आरशात असणार ना. मग पाठीला कोणाला घेतलंय?"

दिग्दर्शकानं साहेबांकडे बघितलं, धाकट्यांकडे बघितलं, मग उठून धाकट्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्या पाठीमुळे तो लहानपणी रडला होता. त्या पाठीमुळे तो या धंद्यात आला होता. तो नाक ओढत म्हणाला, "असं आहे होय."

साहेब छताकडे बघत होते. छत बघण्यासारखं नव्हतं.

"मग सोपं आहे," दिग्दर्शक सावरून म्हणाला. "धाकटे नेहमीप्रमाणे पाठ करतील. मुलाच्या कामाला दुसरा कोणी बघू. चेहरे काय हो, पुष्कळ मिळतील. पाठ एकच आहे."

हे वाक्य दिग्दर्शकानं कौतुक म्हणून टाकलं होतं. धाकट्यांनी संवादाचे कागद हळूच मिटले आणि मांडीवर ठेवले.

ते साहेबांनी पाहिलं की नाही कोण जाणे, पण ते ताडकन उठले. "काही गरज नाही. माझी पाठ माझ्याकडे आहे." आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. साहेब मुळात तुरुतुरु चालत. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं असल्यासारखे. दाराशी जाऊन ते वळले आणि टाळ्यांसाठी थांबले.

दिग्दर्शकानं शब्द जपून निवडले. "साहेब, छान आहे. फक्त... साहेबांसारखं वाटत नाहीये."

ठरलं ते असं की शूटिंगच्या दिवशी साहेबांना जमलं तर चेहरा धाकट्यांचा. नाही जमलं तर धाकट्यांनी निमूट कोट चढवायचा, चेहऱ्याला दुसरा नट तयार ठेवलेला असेल.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग शिकवा त्यांना."

"बाबांना? मी? चालायला?"

"तुम्ही नाही तर काय मी? पण एक लक्षात ठेवा. ते शिकले की तुमचं काम संपलं. चेहरा एकदाच येणार, पाठ मात्र कायमची जाणार."

"मग नको म्हणतेस?"

"मी कुठे नको म्हणतेय? मला बघायचाय तो चेहरा. माझ्या दुकानातल्या बायका अजून विचारतात, तुमचे मिस्टर पुढून कसे दिसतात."

प्रश्न असा होता की शिकवायचं कसं. साहेबांना कोणी काही शिकवलं, ही गोष्ट घरात कोणाच्या आठवणीत नव्हती. दोन दिवस बापलेक एकमेकांसमोरून पाणी प्यायला ये-जा करत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब कोट घालून पॅसेजमध्ये उभे राहिले आणि ओरडले, "अरे, जरा इकडे ये. हा कोट मागून लोंबतोय का बघ."

"उभं राहून कळत नाही बाबा," धाकटे म्हणाले. "चालून दाखवा."

एवढ्यावर शिकवणी सुरू झाली. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंतचा तो पॅसेज. टोकाला चपलांचं कपाट. स्वयंपाकघराच्या दारात आई लसूण सोलत बसलेली.

"सावकाश बाबा. हात मागे. डावा खांदा... नाही, तो उजवा झाला."

"मला डावा-उजवा कळतो!"

"अहो, दूध उतू चाललंय का कुठे?" आई म्हणाली. "एवढे पळताय ते?"

"तू गप्प बस. कसं होतंय रे?"

"चालताना बोलू नका बाबा. खांदे हलतात."

"मग कळणार कसं मला? मागे डोळे आहेत का?"

शेवटी त्यांनी एक खूण ठरवली. साहेबांनी मागे बांधलेल्या हातांची बोटं हलवायची, म्हणजे 'कसं?' आणि धाकट्यांनी बरोबर असेल तर 'हं' म्हणायचं, चूक असेल तर 'अंहं'. दोन दुपारी त्या पॅसेजमध्ये अंहंशिवाय काही ऐकू आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर निरोप पाठवला, साहेबांना बरं नसेल तर आमचा डॉक्टर चांगला आहे.

तिसऱ्या दुपारी साहेब पॅसेजच्या मध्येच थांबले आणि गर्रकन वळले. कपाळावर घाम होता. "अंहं अंहं काय लावलंयस! तू कसं करतोस ते सांग ना. ते जडपण, ती वेदना, आतून कुठून आणतोस?"

धाकट्यांनी आधी आईकडे बघितलं. मग म्हणाले, "आतून काही नाही बाबा. बूट."

"काय?"

"तुमचे बूट मला मोठे होतात. निघू नयेत म्हणून तसं चालतो."

साहेबांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. "आणि ते थबकणं? त्या पहिल्या चित्रपटातलं, दाराशी?"

"बूट निघाला होता."

साहेब चपलांच्या कपाटावर बसले. त्या थबकण्यावर त्यांनी नाट्यशाळेत व्याख्यान दिलं होतं. त्या क्षणी आपल्याला आपली दिवंगत आई दिसली, असं मुलाखतींत सांगितलं होतं, आणि सांगता सांगता ती त्यांना खरोखरच दिसायला लागली होती.

"मी त्यावर व्याख्यानं दिलीयत रे," ते म्हणाले.

"ऐकलंय मी. फार छान बोलला होतात."

आईनं तोंडाला पदर लावला होता. आधी वाटलं, रडतेय. मग लसणाची परात हलायला लागली तेव्हा कळलं की हसतेय. डोळे पुसत ती म्हणाली, "आता असे बसून काय राहता? मोठे बूट आणा."

दुसऱ्या दिवशी बापलेक बुटांच्या दुकानात गेले. विक्रेत्यानं साहेबांना खुर्ची दिली, आपल्या हातानं मोजे सारखे केले आणि बूट चढवून म्हणाला, "साहेब, हा मोठा होतोय तुम्हाला."

"माहीत आहे."

"एक नंबर लहान देऊ?"

"एक नंबर मोठा बघा अजून."

साहेब गेल्यावर विक्रेत्यानं सगळ्या दुकानाला सांगितलं की मोठ्या माणसांचा पायही वयाबरोबर वाढत असतो.

त्या दुपारी साहेब पॅसेजमधून चालले. बोटं आवळून, पाय सरकवत, सावकाश. डावा बूट खरोखरच ढिला होता. खांदा आपोआप खाली आला. धाकटे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. वीस वर्षं ते चालत आले होते, पण ते चालणं पडद्याबाहेर मागून असं कधी पाहिलं नव्हतं. वडिलांची मान कॉलरमध्ये एवढी बारीक कधी झाली, हेही त्यांना माहीत नव्हतं. दाराशी साहेब थांबले. मागच्या हाताची बोटं हलली.

"हं," धाकटे म्हणाले. जरा उशिरानं म्हणाले.

शूटिंगच्या दिवशी रंगभूषाकार काकांनी धाकट्यांना पहिल्यांदाच आरशाकडे तोंड करून बसवलं. "इतकी वर्षं मानेला पावडर लावली," ते म्हणाले, "हा भाग मला नवीनच आहे." शेजारच्या खुर्चीत चेहऱ्यासाठी तयार ठेवलेला नट पेपर वाचत होता. दिसायला तो धाकट्यांपेक्षा बरा होता, आणि ते त्यालाही माहीत होतं.

बाहेरून सहायकाचा आवाज आला, "पाठ आली का?"

"आलीय," साहेब म्हणाले आणि उठले. सहायकानं जीभ चावली.

पहिल्या वेळी साहेब बरोबर चालले, पण धाकट्यांनी वीस वर्षांची शिल्लक एकदम काढली. राग, दुःख, पश्चात्ताप, आश्चर्य, सगळं त्या आरशात एकमेकांना ढकलत पुढे आलं. दिग्दर्शक म्हणाला, "धाकटे, जरा कमी. बाप घर सोडतोय, भूकंप नाही झालेला." दुसऱ्या वेळी धाकट्यांची नजर सारखी साहेबांच्या टाचेकडे जात राहिली. तयार ठेवलेल्या नटानं पेपरची घडी घातली.

"एकदा शेवटचं बघू," दिग्दर्शक म्हणाला. त्या आवाजात फारशी आशा नव्हती.

साहेब निघाले. धाकट्यांनी ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. समोर वडील चालले होते, मोठ्या बुटांत, पडू नये म्हणून जपून. सावकाश. डावा खांदा. अर्धा पॅसेज झाला. दाराशी ते थांबले, आणि मागे बांधलेल्या हातांची बोटं हलली. कसं?

इथे 'हं' म्हणता येणार नव्हतं, पण दाराशेजारच्या आरशात साहेबांना मुलगा दिसत होता. धाकट्यांनी मान हलवली. जमलं.

साहेब दाराबाहेर गेले. पलीकडे काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. तो बूट होता. दिग्दर्शकाला 'कट' म्हणायचं बराच वेळ सुचलं नाही. मग त्यानं दाढी पुसली आणि तयार ठेवलेल्या नटाला घरी जायला सांगितलं.

चित्रपट लागला आणि वर्तमानपत्रांनी रकाने भरभरून लिहिलं. 'साहेबांच्या बोटांची ती थरथर म्हणजे परतीची मूक याचना.' 'मुलाचं ते एक मान हलवणं! शतकानुशतकांची क्षमा त्यात आहे.' एकानं जाता जाता असंही लिहिलं की धाकट्यांचा चेहरा ठीक आहे, पण वडिलांच्या पाठीची सर त्याला यायची नाही. हे वाक्य धाकट्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मग सत्कार झाला. मंचावर निवेदिकेनं साहेबांना विचारलं, "त्या क्षणी, ती बोटं थरथरली तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

साहेबांनी घसा साफ केला. अशा प्रश्नांना त्यांच्याकडे दिवंगत आईपासून मावळत्या सूर्यापर्यंत सगळं तयार असे. बायकोनं धाकट्यांच्या कानात म्हटलं, "आली बघा आजी." पण साहेबांनी पहिल्या रांगेत बसलेल्या मुलाकडे बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"विचारत होतो," ते म्हणाले.

"कोणाला?"

"मुलाला. जमतंय का म्हणून. त्याच्याकडूनच शिकलो ना मी. ती पाठ पहिल्यापासून त्याचीच आहे."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. केवढी ही नम्रता! केवढी ही उपमा! शेजारचे गृहस्थ डोळे पुसत धाकट्यांना म्हणाले, "भाग्यवान आहात, असे वडील मिळाले."

"बघा आता," बायको टाळ्या वाजवत म्हणाली, "खरं बोलले तरी टाळ्याच."

धाकटे टाळ्या वाजवत नव्हते. ते नुसते मंचाकडे बघत होते. साहेबांनी तिथून, कोणाला दिसू नये अशी, मांडीवरची बोटं हलवली. धाकट्यांनी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. बायकोनं घेतला. एका निर्मात्याचा माणूस होता. साहेब नव्या चित्रपटात आहेत, तेव्हा नेहमीप्रमाणे पाठ हवी होती.

"पाठ साहेबांना परत केली," ती म्हणाली. "ते स्वतःच चालतात आता. पण आमच्याकडे चेहरा आहे, कमी वापरलेला. चालेल का?"

पलीकडचा माणूस थांबा म्हणाला आणि कोणाला तरी विचारायला गेला. बायकोनं फोनवर हात ठेवून धाकट्यांकडे बघितलं. फोनमधून काही दिसत नाही हे माहीत असूनही त्यांनी चष्मा काढला आणि केस सारखे केले.